वाचकांचे प्रश्न: खडा, पोचट, गाळ आणि मीठ

या वेळच्या टपालात एकाच जातीचे प्रश्न बरेच आले. कुणाच्या सोयाबीनात खडे, कुणाच्या धानाच्या बियाण्यात पोचट दाणे, कुणाच्या बादलीत नदीचा गाळ, तर कुणाच्या शाळेतला प्रयोग फसलेला. म्हणून ते सगळे एकत्र घेतले आहेत. उत्तर देण्याआधी प्रत्येक ठिकाणी आम्ही एकच पाहिलं: मिसळलेल्या दोन वस्तूंत नेमका फरक कशाचा आहे? आकाराचा, वजनाचा, गोलाईचा, विरघळण्याचा की चुंबकाला चिकटण्याचा? ज्या गुणात फरकच नाही त्यावर जोर लावला की मेहनत फुकट जाते, आणि बहुतेक पत्रांत नेमकं तेच झालेलं दिसतं.

प्रश्न : सोयाबीन थ्रेशरमधून काढलं, पंख्यासमोर दोनदा उपणलं. कुटार सगळं उडालं, पण काळ्या मातीचे दाण्याएवढे खडे तसेच राहतात. अडत्या त्यावर भाव पाडतो. मोठा पंखा घ्यावा का?
(तालुका रिसोड, जि. वाशीम)

मोठा पंखा घेऊ नका. वारा हलक्याला लांब नेतो आणि जडाला जवळ टाकतो, एवढंच त्याचं काम. सोयाबीनचा दाणा पाण्याच्या साधारण सव्वापट जड, वाळलेलं ढेकूळ पावणेदोन-दोनपट, आणि खरी गिट्टी अडीचपटीहून जास्त. म्हणजे खडा उडवण्याइतका वारा केलात तर आधी दाणाच कुटारात जाईल.

पण याच फरकाचा उलटा उपयोग करता येतो. पंखा चार-पाच फुटांवर ठेवा, सूप खांद्याच्या उंचीवर धरा आणि धार बारीक सोडा. खाली पडणारा माल पट्ट्यापट्ट्यांनी पडतो: पंख्याच्या सगळ्यांत जवळ खडे आणि जाड दाणे, मग चांगला दाणा, मग चपटे-बारके दाणे, शेवटी कुटार. आपण उपणून झालं की सगळा ढीग फावड्यानं एकत्र ओढतो आणि केलेली निवड पुन्हा मिसळून टाकतो. तसं न करता पंख्याकडचा वीतभर पट्टा वेगळा ओढून ठेवा. खड्यांचा मोठा भाग त्यातच असतो. मग हातानं निवडायचं ते एवढंच, पूर्ण ढीग नाही. धार जाड सोडली तर दाणे एकमेकांवर आपटतात आणि पट्टे पडत नाहीत. टेबलफॅन फिरता ठेवला तरी तेच होतं, तो एका दिशेला स्थिर ठेवा.

दुसरी पायरी चाळण्यांची. वरची चाळणी 8 मिमीच्या गोल भोकांची: दाणा खाली जातो, शेंगा, काड्या, मोठी ढेकळं वर राहतात. खालची 4 मिमी रुंदीच्या लांबट भोकांची: दाणा वर राहतो, माती, बारीक खडे, गवताचं बी आणि बराचसा फुटका दाणा खाली जातो. तुमच्या वाणाचा दाणा बारीक असेल तर खालच्या चाळणीतून काय पडतं ते आधी किलोभर मालावर पाहा, मगच पूर्ण माल घाला.

एवढं करूनही राहतात ते खडे दाण्याएवढेच. इथे आकार सारखा आणि वारा निरुपयोगी, म्हणून गोलाईकडे वळायचं. सोयाबीन गोल, ढेकूळ ओबडधोबड. सहा फूट बाय तीन फुटांच्या प्लायवर गोणपाट ताणून ठोका, एक बाजू पावणेदोन फूट उचला आणि वरच्या काठावरून ओंजळ-ओंजळ दाणा पसरत सोडा. गोल दाणा घरंगळत खाली येतो. ढेकूळ, डाळ झालेले अर्धुक आणि काडी गोणपाटावर अडकते. दर पाच-सात ओंजळींनंतर फळी झाडा. उतार जास्त झाला तर खडेही सरकतात, कमी झाला तर दाणाही अडतो. अर्धा-अर्धा फूट वरखाली करून आपल्या मालाचा उतार शोधावा लागतो. बियाणं तयार करणाऱ्यांकडे याच तत्त्वाचं स्पायरल यंत्र असतं. त्याला मोटार लागत नाही: गोल दाणा वेग घेऊन बाहेरच्या वळणावर फेकला जातो, चपटा आतूनच उतरतो. नदीतला गुळगुळीत गोटा मात्र फळी आणि स्पायरल दोघांनाही फसवतो. त्यासाठी ग्रेडिंग केंद्रातलं डिस्टोनर हवं. त्यात खालून येणाऱ्या हवेवर दाणा तरंगत उताराकडे जातो आणि हलणाऱ्या जाळीला टेकलेला दगड उलट वर चढतो.

सोयाबीन पाण्यात टाकून खडे काढण्याचा विचार मात्र मनातही आणू नका. काही मिनिटांतच सालीला सुरकुत्या पडतात, आणि ढेकळाचा चिखल दाण्याला बसतो तो वेगळाच.

खरं तर खडा खळ्यात येतो कुठून ते पाहा. झाड उपटून काढलं की मुळाबरोबर माती येते. विळ्यानं जमिनीपासून दोन बोटं वर कापलेल्या सोयाबीनात ती येत नाही. सुडी उघड्या वावरात घातली असेल तर तळाचा वीतभर थर बाजूला ठेवून शेवटी वेगळा काढा. बहुतेक ढेकळं त्या थरातूनच मशीनमध्ये जातात, आणि मजूर घाईत असले की तो थर सगळ्यांत आधी कोंबला जातो.

प्रश्न : धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून निवडायला सांगतात. नुसत्या पाण्यात पोचट वर येतंच, मग मीठ कशाला? आणि काही जण अंडं तरंगेल इतकं मीठ टाका म्हणतात, ते बरोबर का?
(तालुका साकोली, जि. भंडारा)

नुसत्या पाण्यात फक्त रिकामं फोल वर येतं. अर्धवट भरलेला दाणा पाण्यापेक्षा थोडासाच जड असतो, तो चांगल्या दाण्याबरोबर तळाला बसतो. असा दाणा उगवतो, पण पऱ्हे लेचेपेचे निघतात. पाण्यात 3 टक्के मीठ टाकलं की पाणीच जरा जड होतं, सुमारे 1.02 पट. या दोन शतांशांच्या फरकात तो अर्धपोटी दाणा वर येतो.

प्रमाण असं: 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ. मूठ-दोन मूठ असा अंदाज नको, किराणा दुकानातून तोलून आणा. मीठ पूर्ण विरघळू द्या. जाड मीठ तळाला बसून राहिलं तर वरचं पाणी गोडंच राहतं आणि निवड होत नाही. मग एका वेळी चार-पाच किलोच बियाणं सोडा आणि हातानं चांगलं ढवळा. ही पायरी सगळ्यांत जास्त चुकते. धानाच्या सालीवर बारीक कूस असते, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि चांगला दाणाही तरंगतो. दोन-तीनदा ढवळून, दाणे पाण्याखाली दाबून, पाणी स्थिर होऊ द्या. त्यानंतर जे वर राहील ते पोचट, झाऱ्यानं काढून टाका. ते कोंबड्यांना चालतं, पण आधी धुऊन घ्या.

तळाचं बियाणं लगेच बाहेर काढा आणि साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा. मीठ सालीवर राहिलं तर उगवण कमी होते. हा सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांत संपला पाहिजे, बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून चहा प्यायला जाऊ नये. नंतर सावलीत पातळ पसरून 24 तास वाळवा आणि मग बुरशीनाशकाची प्रक्रिया करा. क्रम उलटा केला तर औषध धुऊन जातं.

तेच पाणी पुढच्या खेपेला चालतं, पण प्रत्येक खेपेत बियाणं थोडं पाणी ओढून नेतं. पातळी उतरली की नुसतं पाणी ओतू नका. दर लिटरला 30 ग्रॅम या हिशेबानं मीठ घालूनच भरा.

अंड्याचं म्हणाल तर ताजं अंडं तरंगायला 10 लिटरला किलोभराहून जास्त मीठ लागतं, म्हणजे तीन-चारपट घट्ट पाणी. त्या पाण्यात निवड कडक होते आणि बारीक वाणाचे चांगले दाणेही वर येतात. शिवाय अंडं किती ताजं आहे त्यावर सगळा हिशेब. आठवड्याचं अंडं लवकर तरंगतं. तराजू असताना अंड्याच्या नादी लागायचं कारण नाही.

प्रश्न : पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं येतं. रात्रभर ठेवलं तरी वरचं पाणी गढूळच. तुरटी फिरवतो, कधी निवळतं, कधी नाही, कधी पाणी तुरट लागतं. चुकतं काय?
(तालुका आरमोरी, जि. गडचिरोली)

वाळू बादलीत क्षणात बसते. चिकणमातीच्या कणाची गोष्ट वेगळी. मिलिमीटरचा पाचशेवा भाग जाडीचा कण स्थिर पाण्यात तासाला जेमतेम दीड सेंटीमीटर खाली येतो, म्हणजे फूटभर पाण्यातून तळ गाठायला वीस तासांवर लागतात. त्याच्या दहाव्या भागाएवढ्या कणाला शंभरपट वेळ, सुमारे तीन महिने. रात्रभरात तो बसेल कसा? त्यात या कणांवर सारखाच, ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि गोळा होत नाहीत. गाळून म्हणाल तर लुगड्याच्या चार घड्यांचीही भोकं या कणांच्या मानानं दरवाज्याएवढी.

तुरटी गाळ खेचून नेत नाही. ती तो भार मोडते आणि पाण्यात कापसासारखे पुंजके तयार करते, कण त्यांना चिकटून जड होतात आणि बसतात. म्हणून तुरटी किती आणि ढवळणं कसं, या दोन्हींवर सगळं ठरतं. खडा हातानं फिरवला की किती उतरला ते कळतच नाही. त्याऐवजी 10 ग्रॅम तुरटी कुटून 1 लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. 20 लिटरच्या बादलीला यातलं 50 मिली मध्यम गढूळ पाण्यासाठी, 100 मिली पुराच्या पाण्यासाठी, इथून सुरुवात करा. 100 मिलीत 1 ग्रॅम तुरटी असते. ज्यांना खडाच वापरायचा आहे त्यांच्यासाठी: मोठ्या वाटाण्याएवढा तुकडा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा भरतो.

पाऊस पडला की नदी रोज वेगळी, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पडताळा घ्या. एकेक लिटर पाण्याच्या चार बाटल्या भरा, त्यांत बाटलीतलं द्रावण 2, 3, 4 आणि 6 मिली टाका. औषधाच्या बाटलीचं मोजाचं झाकण यासाठी पुरतं. ज्या बाटलीत सगळ्यांत कमी द्रावणात पाणी निवळलं ते प्रमाण धरा आणि वीसनं गुणा. जास्त तुरटीनं पाणी आंबट-तुरट होतं आणि निवळणंही बिघडतं, कारण मग कणांवर उलटा भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना लोटू लागतात.

आता ढवळणं. द्रावण टाकताच एक मिनिट जोरात, म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते. नंतर दहा मिनिटं अगदी हळू, पळी जेमतेम फिरेल इतकी. पुंजके दिसू लागले की पुन्हा जोर लावू नका, ते तुटले की पहिल्यासारखे जुळत नाहीत. तुमचं पाणी ‘कधी निवळत नाही’ त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं: मुलं शेवटपर्यंत पाणी घुसळत बसतात. मग दोन तास बादलीला हात लावू नका आणि वरचं पाणी नळीनं ओढून काढा, नळीचं तोंड गाळाच्या चार बोटं वर ठेवून. बादली तिरपी करून ओतलं की शेवटी गाळ उसळतोच.

एक उलटी वाटणारी गोष्ट: अगदी थोडं गढूळ पाणी फार गढूळ पाण्यापेक्षा निवळायला अवघड. कण विरळ असल्यानं एकमेकांना भेटतच नाहीत. अशा वेळी आदल्या दिवशीचा गाळ चमचाभर टाकून मग तुरटी द्या, लवकर बसतं.

शेवग्याच्या बियांच्या कुटानंही पाणी असंच निवळतं, पण बियांतला अंश पाण्यात राहतो आणि ते दुसऱ्या दिवशी वास मारू लागतं. त्याच दिवशी वापरायचं असेल तरच ते करा. आणि कशानंही निवळलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, जंतूंपासून सुटलेलं नसतं. उकळा, किंवा आशाताईंकडून मिळणारं क्लोरीनचं द्रावण बाटलीवर दिलेल्या मात्रेत टाका. हे निवळल्यावरच करायचं, गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी खारं. तुरटी झाली, कँडलचं फिल्टर झालं, उकळूनही पाहिलं. उकळल्यावर तर जास्तच खारट लागतं. उपाय?
(तालुका दर्यापूर, जि. अमरावती)

उकळल्यावर जास्त खारट लागतं, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. उडाली ती वाफ, मीठ भांड्यातच राहिलं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मीठ पाण्यात तरंगत नाही, विरघळलेलं आहे. विरघळलेल्या वस्तूला बसायला वजन नाही आणि अडकायला आकार नाही, म्हणून निवळणं, गाळणं, तुरटी हे सगळे उपाय इथे सारखेच निकामी. यवतमाळकडच्या फ्लोराइडच्या पाण्याचंही तसंच: चव नाही, रंग नाही, आणि कँडलमधून ते आरामात निसटतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं बसवलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करतात, पण त्यात तुरटीची मात्रा गाळासाठी लागते त्याच्या कितीतरी पट असते आणि ती पाणी तपासूनच ठरवावी लागते. घरच्या अंदाजानं ते करू नका, आणि मिठावर त्याचा काहीही परिणाम नाही.

मिठापासून पाणी वेगळं करायचं तर पाण्यालाच हलवावं लागतं. विजेशिवायचा मार्ग सौर ऊर्ध्वपातनाचा. एक चौरस मीटरची उथळ पेटी, आतून काळी. त्यात दोन-तीन सेंटीमीटर खारं पाणी. वर दक्षिणेकडे सुमारे 20 अंश उतरती काच. काचेच्या खालच्या काठाला आतून पन्हळ. ऊन चांगलं असेल तर दिवसाला दोन ते चार लिटर पाणी उतरतं. उतार कमी ठेवला तर थेंब पन्हळीपर्यंत न जाता परत पेटीत टपकतात. काचेच्या सांध्यातून वाफ गेली तर काहीच हाती लागत नाही, सिलिकॉननं तो पक्का बंद करा. पेटीत पाणी जास्त भरलं तर दुपारपर्यंत ते तापतच नाही. दर तीन-चार दिवसांनी उरलेलं दाट पाणी काढून टाका, नाहीतर तळाला पांढरी साय धरते आणि काळा रंग झाकला जातो.

कुटुंबाला पिण्यापुरतंही हे अपुरं, हे आम्हीही जाणतो. आरओ यंत्रानं काम होतं, पण जे दाट पाणी बाहेर पडतं ते अंगणातल्या झाडांना घालू नका. त्यापेक्षा आमचा कल छताकडे. पाऊस म्हणजे कुणीतरी आधीच ऊर्ध्वपातन करून दिलेलं पाणी. 500 चौरस फुटांच्या स्लॅबवर 700 मिमी पावसात, गळती-बाष्पीभवन वजा जाऊन, 25 हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, नंतरचं जाळी आणि वाळू-गिट्टीच्या गाळणीतून झाकलेल्या टाकीत घ्या. फक्त पिण्या-स्वयंपाकाला रोज 20 लिटर धरले तर 5 हजार लिटरची टाकी अडीचशे दिवस जाते.

प्रश्न : नववीच्या मुलांकडून लोखंडाचा कीस 5 ग्रॅम, नवसागर 5 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम, नदीची वाळू 20 ग्रॅम असं मिश्रण वेगळं करून घेतलं. लोखंड 5.6 ग्रॅम भरलं, नवसागर निम्माच, मीठ 8 ग्रॅम आणि तेही पिवळसर. मुलं विचारतात, लोखंड वाढलं कसं?
(शिक्षक, तालुका चिमूर, जि. चंद्रपूर)

मुलांचा प्रश्न उत्तम आहे आणि उत्तर वाळूत आहे. नदीच्या वाळूत काळे चमकदार कण असतात, त्यातले बरेच चुंबकीय लोहखनिजाचे. चुंबकानं तेही उचलले. प्रयोगाआधी कोरड्या वाळूतून चार-पाचदा चुंबक फिरवून तिला ‘रिकामी’ करा, मगच 20 ग्रॅम तोला. ते काळे कण फेकू नका, मुलांना दाखवण्यासारखे असतात. चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळूनच फिरवा: चुंबक आतून बाहेर ओढला की कीस आपोआप गळतो. मिश्रण दमट असेल तर वाळू किसाला चिकटून येते, म्हणून आधी उन्हात वाळवा.

क्रम महत्त्वाचा. लोखंड पहिल्यांदा, कारण ते राहिलं आणि पाणी पडलं की गंजतं. तुमचं मीठ पिवळसर झालं ते त्यामुळेच, थोडा कीस मागे राहिला होता. नवसागर दुसऱ्यांदा, कारण तोही पाण्यात विरघळतो. आधी पाणी टाकलं तर मीठ आणि नवसागर एकाच द्रावणात जातात. तापवला की नवसागर वायू होऊन उडतो आणि थंड काचेवर जमतो, म्हणून चिनी मातीच्या बशीत मिश्रण पसरा, वर उलटं नरसाळं, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा सैल बोळा, आणि बाहेरून ओलं फडकं. मंद आच. निम्मा नवसागर गेला तो बहुधा बशी आणि नरसाळ्याच्या फटीतून किंवा नरसाळं तापल्यामुळे, कारण गरम काचेवर तो जमतच नाही. फडकं दर दोन मिनिटांनी ओलं करा. धूर डोळ्यांना झोंबतो, खिडक्या उघड्या ठेवा. एखादी चौकस मुलगी विचारेलच म्हणून सांगतो: नवसागर तापल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि थंड काचेवर पुन्हा जुळतात, म्हणजे हे काटेकोर अर्थानं नुसतं संप्लवन (न वितळता घनाचा थेट वायू होणं) नाही. कापूर खरा संप्लवनशील, पण भडकतो. वर्गात ज्योतीवर तो नकोच.

आता मिठाचा हिशेब, यात मुलांना गणितही मिळेल. समजा 40 मिली पाणी घातलं. 10 ग्रॅम मीठ त्यात सहज विरघळतं, 100 मिली पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मावतं. गाळल्यावर 20 ग्रॅम वाळू आणि गाळणकागद मिळून सहा मिली पाणी धरून ठेवतात. 40 मिलीत 10 ग्रॅम, तर 6 मिलीत दीड ग्रॅम. तुमचं बरंचसं मीठ वाळूतच राहिलं! वाळूवर 14 मिली स्वच्छ पाणी टाकून पुन्हा गाळा, मागे राहील अर्ध्या ग्रॅमहून कमी. आणखी एकदा तेच केलं की दीड दशांश ग्रॅमही राहत नाही. एकदम 28 मिली टाकण्यापेक्षा दोनदा 14 मिली केव्हाही चांगलं, हे करून दाखवा. उरलेलं मीठ आटवताना तडतडून उडालं असेल. द्रावण खिरीसारखं झालं की आच बंद करा आणि बशी जाळी झाकून उन्हात ठेवा. चिमूरच्या मे महिन्यात दिवा पेटवायची गरजच काय?

प्रश्न : उन्हाळ्यात तासभर घुसळूनही लोणी गोळा होत नाही.
(तालुका आर्वी, जि. वर्धा)

दही गरम आहे. लोणी गोळा व्हायला स्निग्धाचे कण अर्धे घट्ट, अर्धे मऊ लागतात. 12 ते 16 अंशांच्या आसपास ते एकमेकांना चिकटतात, तीस अंशांवर पातळ होऊन ताकातच फिरत राहतात. पहाटे घुसळा, दह्याच्या गंजाखाली थंड पाण्याचं घमेलं ठेवा आणि बर्फाचे तुकडे टाका. माठाचं पाणी एप्रिल-मेमध्ये पुरेसं गार नसतं. थंडीत उलट, फार गार दह्यात कण कडक राहतात, तेव्हा कोमट पाणी घाला. ज्वारीच्या दाण्याएवढं लोणी दिसलं की थांबा. पुढे घुसळलं तर गोळ्यात ताक कोंडतं, आणि कढवताना बेरी जास्त निघते.

प्रश्न : ड्रममध्ये साठवलेलं डिझेल घातलं की इंजिन धक्के देतं. डिझेलमध्ये पाणी असेल तर कापडानं गाळून जातं का?
(तालुका मेहकर, जि. बुलढाणा)

कापडानं कचरा अडतो, पाणी त्यातून डिझेलसारखंच जातं. इथे भरवसा वजनावर. डिझेल पाण्याच्या 0.83 पट, म्हणजे पाणी तळाला बसतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. ड्रम आडवा न ठेवता उभा आणि किंचित तिरपा ठेवा, हलवल्यानंतर 24 तास तसाच राहू द्या, आणि ओढण्याच्या नळीचं टोक तळापासून चार बोटं वर बांधा. तळाचं वर्षातून दोनदा वेगळं काढा. ड्रम गाडीवरून आणला आणि लगेच नळी घातली, की मिसळलेलं पाणी सरळ टाकीत जातं; धक्के बहुतेक त्याचेच.

पाणी येतं कुठून, तर वरच्या झाकणावर साचलेल्या पावसातून आणि अर्ध्या रिकाम्या ड्रममधल्या हवेतून, जी रात्री गार झाली की पत्र्यावर दव धरते. ट्रॅक्टरची टाकी म्हणूनच सकाळी नव्हे, संध्याकाळी भरून ठेवा. फिल्टरखालचा काचेचा किंवा धातूचा वाडगा आठवड्यातून एकदा, इंजिन सुरू करण्याआधी, स्क्रू ढिला करून पांढऱ्या काचेच्या बाटलीत उतरवा. तळाशी वेगळी रेघ दिसली तर पाणी आहे. ती रेघ दिसेनाशी होईपर्यंत काढा, स्क्रू आवळा आणि पंपातली हवा काढूनच इंजिन सुरू करा. सगळं डिझेलच दुधासारखं दिसत असेल तर पाणी बारीक थेंबांत फेसाळलेलं आहे. ते दिवसभरात निवळलं नाही तर इंजिनात घालू नका.